तेच चित्र, पुन्हा तेच चित्र

मित्रांनो, मी एक जुनी छपाईची मशीन आहे आणि आज मला कोणाशीही गोड बोलायचं नाही.

माझी उमेदीची वर्षं मुंबईच्या एका कचेरीत गेली. तिथे मी बिलं छापत असे. कागदावरचं चित्र तेच, बदलायचं ते फक्त माणसाचं नाव. तिथली माणसं चित्र मला एकदाच देत. मी ते पोटात ठेवून घेई आणि मग नुसती नावं घेत सुटे. याच कामासाठी मला बनवलंय. पुढे नवी मशीन आली आणि माझी रवानगी टेंपोतून कर्जतला झाली.

तिथल्या भिसेगावात मनोजचं छपाईचं दुकान आहे. सुरुवातीला त्याने माझं काय ते कौतुक केलं! दसऱ्याला हार घातला, गिऱ्हाइकांना मला दाखवत सुटला. पण मला काम कसं द्यायचं, हे काही त्याने शिकून घेतलं नाही. एकदा कोणाच्या तरी पत्रिकेत जोडाक्षरं फुटली, तेव्हापासून या गृहस्थाने धसका घेतला. अक्षर असो, नाव असो, सगळ्याचं चित्र करून टाकायचं आणि मगच माझ्याकडे पाठवायचं. चार पत्रिका असल्या तर चालून जातं, म्हणून मी गप्प होते.

मग कशेळ्याजवळच्या विमलबाई आल्या. मुलीचं, श्रद्धाचं लग्न. त्यांना प्रत्येक पत्रिकेवर पाहुण्याचं नाव छापून हवं होतं. कारणही तसंच होतं. त्यांचे मालक डोंगरावर गेले असताना आजारी पडले, तेव्हा तिथल्या वाडीतल्या माणसांनी त्यांना झोळीत घालून खाली आणलं होतं. आणि थोरल्या मुलाच्या लग्नात त्याच वाडीला 'समस्त ग्रामस्थ' अशी एकच पत्रिका गेली. वाडीतलं कोणीही जेवायला आलं नाही. या वेळी जनी, चांगो, पदू, प्रत्येकाच्या हातात त्याच्या नावाची पत्रिका द्यायची, तीही कशेळ्याच्या बाजारात, चारचौघांत, असं बाईंनी ठरवलं होतं. बाजारात कोणाला आवतण मिळालं आणि कोणाला नाही, ते सगळ्यांना दिसतं.

बाजाराच्या आदल्या दिवशी काम माझ्याकडे आलं. दुकानात संगणकावर बसणारी सुप्रिया मनोजला म्हणाली, "दादा, दुसऱ्या फॉरमॅटमध्ये देऊ या. चित्र एकदाच जाईल, नंतर नुसती नावं. अक्षरं पण फुटत नाहीत, मी एक काढून बघितलीय."

"नको. आपलं नेहमीचंच बरं," मनोज म्हणाला.

झालं! गणपती, तोरण, नवरानवरी, सगळं पहिल्या नावाबरोबर आलं. दुसऱ्या नावाबरोबर पुन्हा तेच आलं. तिसऱ्याबरोबर पुन्हा. अरे, पंगतीत दर पाहुण्याला वाढायला चूल नव्याने पेटवता का रे तुम्ही? मी एकेक पत्रिका कुंथत कुंथत काढत होते. त्यात या शहाण्याने आधी नातेवाईक लावलेले, मग जावयाच्या मोहोपाड्याच्या कारखान्यातली माणसं, आणि वाडी सगळ्यात शेवटी. वाडीवाल्यांना कसली घाई, म्हणे.

संध्याकाळी विमलबाईंची जीप निघायची वेळ झाली. झालेल्या पत्रिका मनोजने बांधून दिल्या आणि उरलेल्या सकाळच्या पहिल्या जीपने पाठवतो, असा शब्द दिला. बाईंनी विश्वास ठेवला. सकाळी माझा जीव त्या चित्रांखाली गुदमरला आणि मी बंद पडले. मनोजने मला लाथ घातली. गिऱ्हाइकांसमोर म्हणाला, भंगार आहे, विकून टाकतो. नाचता येईना अंगण वाकडं!

तो चहाला बाहेर गेला तेव्हा सुप्रियाने त्याला न विचारता तिच्या पद्धतीने काम पाठवलं. चित्र एकदा आलं, मागून नावं आली, आणि मी वाडी झरझर छापून मोकळी झाले. त्याचा चहा संपला नव्हता. पण तोवर पहिली जीप गेली होती. पुढची पोहोचेपर्यंत वाडीतली माणसं बाजार करून डोंगर चढायला लागली होती.

दुसऱ्या दिवशी विमलबाई दुकानात आल्या. त्या भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. पायरीवरच बसल्या आणि सुप्रियाला म्हणाल्या, "पत्रिका येतील येतील म्हणून मी वाटाया लागले गं. चांगो समोरच उभा होता. त्याच्या बाजूच्याला दिली, याला नाय. त्यानं पिशवी उचलली नि गेला."

मनोज म्हणाला, "काय करणार मावशी, मशीन जुनी आहे."

मित्रांनो, मशीन जुनी होते. तिचं तेलपाणी करा, तिला लाथ मारू नका, हे मी सांगतेच. आणि काम देताना आधी बघा, काय बदलतंय आणि काय तेच राहतंय. एवढं बघायला कितीसा वेळ लागतो? मला भंगार म्हटलं, ते मी गिळीन. पण त्या माणसांना पुन्हा एकदा बाजूला उभं केलं आणि ते पाप माझ्या नावावर टाकलं, हे मी मनोजला कधीही माफ करणार नाही.