पाणीखात्याची तयार बातमी

वृत्तवाहिनीत आठ वर्षं बातम्यांची दृश्यं जोडून तिचा हात इतका बसला होता, की बोलणाऱ्याचं वाक्य कुठे तोडायचं हे तिला आपोआप कळायचं. त्या दुपारी पाणीखात्याकडून तयार बातमी आली. नळाखाली पेला धरलेली हसरी बाई, पांढऱ्या कोटातले तज्ज्ञ आणि माईक घेतलेला वार्ताहर. हा वार्ताहर कुठल्याच वाहिनीचा नव्हता, खात्यानं आणलेला नट होता. गढूळ पाण्याच्या तक्रारी मिटल्या, आता पाणी निर्धास्त प्या, असं तो सांगत होता. शेवटी पडद्यावर पाटी होती : 'निर्मिती – पाणीखाते'.

"पाटी काढ. त्या माणसाच्या जागी आपल्या वार्ताहराचा आवाज घाल," संपादक दारातूनच म्हणाले.

"सर, मग ही आपलीच बातमी वाटेल."

"तेच तर हवंय. वर बोलणं झालंय, तू उगाच फाटे फोडू नकोस."

तिनं पाटी कापली, आवाज बदलला. संध्याकाळी बातमी लागली.

पाचव्या दिवशी थोरल्या बहिणीचा फोन आला. भाचीला जुलाब-उलट्यांनी इस्पितळात ठेवलं होतं.

"ताई, पाणी उकळत नव्हतीस का गं?"

"उकळत होते की! पण तुमच्या बातम्यांत प्या म्हणाले. म्हटलं, आपल्या छोटीची वाहिनी, खोटं कशाला दाखवतील?"

तशीच उठून ती इस्पितळात गेली आणि खाटेपाशी उभी राहून तिनं सगळं सांगून टाकलं.

ताई ओरडली नाही. पोरीच्या अंगावरचं पांघरूण नीट करत म्हणाली, "त्याच दिवशी मला एक फोन करायला काय झालं होतं तुला?"



पुढच्या आठवड्यात खात्याची दुसरी बातमी आली : आजाराच्या अफवा पसरवू नका. या खेपेला तिनं पाटी तशीच ठेवली. सहा सेकंद ती पडद्यावर दिसली.

"चुकून राहिली ना?" संपादकांनी विचारलं. त्यांना बहुतेक होकारच हवा होता.

"नाही सर. मुद्दाम ठेवली."

त्याच आठवड्यात तिची नोकरी गेली.

भाची बरी होऊन घरी आली. ताईनं अबोला धरला नाही, पण आता बातम्या लागल्या की तिचा फोन येतो : "छोटे, ही कुणी बनवली असेल गं?"

ती पडद्याकडे निरखून बघते आणि खरं तेच सांगते, "बाहेरून मलाही ओळखू येत नाही, ताई. तू पाणी उकळूनच पी."