टेबलाखालच्या डब्याची पूजा

मी बोलतोय. अहो, वर काय बघता? इथे, टेबलाखाली, तुमच्या चपलांच्या आणि सांबाराच्या डब्यांच्या मागे. मी नेटवर्कवरचा साठवणीचा डबा. वर टेबलावर बसणाऱ्या सर्व्हरसाहेबांच्या सगळ्या फायलींची एक प्रत रोज संध्याकाळी माझ्या पोटात यायची. यालाच बॅकअप म्हणतात. माणसांना हा शब्द फार आवडतो, नुसता म्हणायला.

आमचा कारखाना कानडी मुलखात, बोम्मसंद्र्यात, कृत्रिम पाय बनवण्याचा. मालक गुरुराजअण्णा, चामराजपेटेतल्या जुन्या मराठी घराण्यातले. मला पुण्याहून आलेल्या, कॉम्प्युटरवर पायांचे आकार जुळवणाऱ्या वासंतीनं हट्टानं आणवलं. अण्णांनी मला उलटासुलटा करून पाहिलं आणि विचारलं, हा काम काय करतो? ती म्हणाली, काही बिघडेपर्यंत काहीच नाही. झालं! त्या दिवसापासून अण्णांच्या लेखी मी ऐतखाऊ. पंखा घुरघुरला की पायानं ढोसायचे.

सर्व्हरचे लाड मात्र विचारू नका. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, आयुधपूजेला, इकडे प्रत्येक यंत्राला कुंकू लागतं, हार पडतो, दारात कोहळा फुटतो. त्या वर्षी वासंती सांगत होती, सर्व्हर बंद करून पूजा करू. अण्णा ऐकतात होय? त्यांच्या मते देव चालू यंत्रात असतो, दिवे लुकलुकायला हवेत. मग झेंडूचा मनगटाएवढा हार, वर अक्षता, मूठभर कुंकू. हवेची सगळी भोकं बुजली. आणि रंगीत दिव्यांच्या माळेला जागा हवी म्हणून माझा प्लग उपटला. मला कुंकवाचं बोटसुद्धा लागलं नाही.

दसऱ्याची सुट्टी संपवून मंडळी आली, तेव्हा साहेब हाराखाली भाजून निघाले होते. डिस्क खलास.

नेमक्या त्याच सकाळी कमलाक्का आल्या. मल्लेश्वरमच्या शाळेत शिकवतात. अपघातात एक पाय गुडघ्याखाली गेलेला. आधीचे कृत्रिम पाय त्यांना टोचायचे, जखमा व्हायच्या. पुन्हापुन्हा मापं घेऊन वासंतीनं अखेर न टोचणारा आकार जुळवला होता आणि त्यावरून आता पाय घडवायचा होता. मापाचा प्लास्टरचा साचा? तो अण्णांनी फेकून दिला होता. सगळं कॉम्प्युटरमध्ये आहे की, म्हणे. शहाणेच!

अण्णा चाचरत म्हणाले, "स्वल्प परत माप घ्यावं लागेल, अक्का."

कमलाक्कांनी कुबडी जवळ ओढली. मग म्हणाल्या, "आत्ता कुठं जखम भरली आहे. परत प्लास्टर नको. त्यापेक्षा मी कुबडीवरच राहीन."

तेव्हा कुठे यांना टेबलाखालची आठवण झाली. वासंती गुडघ्यांवर बसली, चपला बाजूला सारल्या, प्लग लावला. तो उपटला तेव्हा शेवटची प्रत माझ्यात आलेली होती की नाही, हे तिला ठाऊक नव्हतं. मी पंखा घुरघुरवला. या वेळी कुणी ढोसलं नाही. एका सुट्या कॉम्प्युटरवर ती माझ्या पोटातल्या फायली उतरवत गेली आणि शेवटी कमलाक्कांच्या पायाची फाइल उघडली. अगदी ताजी, अख्खी. वासंती तिथंच जमिनीवर बसून रडली. अण्णांनी मला हात जोडले.

तुम्हाला वाटेल, शिकले असतील. छे! नवा सर्व्हर घ्यायचा म्हटलं की अण्णा म्हणतात, स्वल्प थांबूया, हा आहे की. वासंती अमेरिकेला गेली. जाताना बजावून गेली, याचीही प्रत दुसरीकडे ठेवा. सगळे म्हणाले, सरी, म्हणजे बरं. आता सगळ्यांच्या पायांच्या फायली थेट माझ्यातच आहेत आणि माझी प्रत कुठेच नाही.

आज पुन्हा आयुधपूजा. हे बघा, बोलताबोलता मला उचलून, पुसूनपासून टेबलावर बसवलं, तेही चालू ठेवून. अहो, ऐकताय ना? कुणीतरी आधी माझी प्रत काढा. ते जमत नसेल तर निदान मला बंद तरी करा. पण माझं कोण ऐकतं? अण्णांनी पहिला मान कमलाक्कांना दिलाय. त्या येताहेत, कुबडीशिवाय, दोन्ही हातांत झेंडूचा जाड हार घेऊन. इतक्या झकास चालताहेत की वाटेत अडखळतील, अशी आशाही मला उरलेली नाही.