चांदीचा सांधा

फर्नेसचं दार उघडलं तेव्हा सहापैकी तीन नळ्या पुन्हा वाया गेलेल्या होत्या.

दिपाने हातमोजे घालून एकेक नळी बाहेर काढली आणि टेबलावर ओळीने मांडली. पांढऱ्या सिरॅमिकची वीतभर नळी आणि तिच्या दोन्ही तोंडांना धातूची टोपी. टोपी आणि नळी यांच्यामध्ये चांदी, तांबं आणि जरासं टायटॅनियम असलेल्या मिश्रधातूची पातळ कडी ठेवायची, फर्नेसमधली हवा पंपाने ओढून घ्यायची आणि साडेआठशे अंशांच्या आसपास तापवायचं. कडी वितळते, सिरॅमिकवर पसरते, आणि थंड होताना दोन्हींना कायमचं धरून ठेवते. तीन नळ्यांवर ती छान पसरली होती. उरलेल्या तिन्हींवर मात्र तिचे काळपट गोळे झाले होते. दिपाने टोपीला नुसतं बोट लावलं तर ती हातात आली.

"तिसरी बॅच," रुचिरा मॅडम म्हणाल्या आणि स्टुलावर बसल्या.

पनवेलच्या औद्योगिक वसाहतीतलं हे वर्कशॉप अकरा माणसांचं. मालक विनायक सर, इंजिनीयर रुचिरा मॅडम, आणि जोडणीच्या टेबलावर तीन वर्षं काम करणारी दिपा. एक संशोधन संस्था कॅन्सरच्या रुग्णांना किरणोपचार देणारं यंत्र भारतातच तयार करत होती. त्या यंत्राच्या निर्वात भागात वीज आत नेण्यासाठी या सहा नळ्या हव्या होत्या. आतापर्यंत त्या परदेशातून यायच्या. विनायक सरांनी छातीठोकपणे सांगितलं होतं, आम्ही करून देतो.

आता त्यांनी टेबलाकडे पाहिलं आणि चष्मा काढून पुसला. "संस्थेच्या डॉक्टर दमयंतींना सोमवारी कळवतो. नाही जमत म्हणून. त्यांचं काम आपल्यापायी अडायला नको."

दिपाने खिशातून छोटी वही काढली. कोणती नळी ट्रेमध्ये कुठे ठेवली होती हे ती दर वेळी लिहून ठेवायची. तसं करायला तिला कोणी सांगितलेलं नव्हतं.

"मॅडम, तिन्ही वेळा डावीकडच्याच गेल्यात."

"ते मी पाहिलंय गं. पण तापमान दोन्हीकडे सारखं आहे. कड्या एकाच पत्र्यातून कापलेल्या. सफाई तूच केलीस, एकाच दिवशी."

"डावीकडे त्या नव्या विटा आहेत."

रुचिरा मॅडमनी मान वर केली. ट्रेवर नळ्या ठेवायला आधी सिरॅमिकची एक भरीव, जड फरशी होती. जुलैत ती फुटली. अर्धी फरशी उजवीकडे राहिली आणि डावीकडे विनायक सरांनी पांढऱ्या, हलक्या, सच्छिद्र विटा आणून लावल्या. त्या आधी महिनाभर मागच्या शेडमध्ये पडून होत्या.

"त्या विटा दीड हजार अंश सोसतात," मॅडम म्हणाल्या. "त्यांना काय होणार?"

दिपाच्या ओठांवर उत्तर आलं होतं, पण ती गप्प राहिली. उत्तर दिलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, तुला कसं माहीत?

दिपाचं घर कोन गावाच्या पुढे, डोंगराच्या कडेला असलेल्या वाडीत. नोकरीला लागताना वडिलांचा व्यवसाय विचारला तेव्हा तिने शेती असं लिहिलं होतं. तिचे वडील शुक्रा यांच्या नावावर गुंठाभर जमीन नव्हती. दिवाळी झाली की अख्खं कुटुंब वीटभट्टीवर जायचं ते पावसाच्या तोंडावर परतायचं. दिपा तिथेच चालायला शिकली. पुढे आश्रमशाळेत गेली, दहावी झाली, पनवेलच्या आयटीआयमधून फिटर झाली. वर्कशॉपमध्ये सगळ्यांशी ती नीट शाळेतलं मराठी बोलायची आणि भट्टीचा विषय कधी निघू द्यायची नाही.

त्या दिवशी घरी आल्यावर ती ओट्यावर शुक्राशेजारी बसली.

"बा, भट्टीत वली ईट गेली तर काय होतं रं?"

शुक्रा जाळं सांधत होता. "आता कशाला पायजे तुला?"

"कामाचं हाय."

"फुटते. वाफ कोंडते नं आत." मग त्याचे हात थांबले. "पन ती एकटी नाय मरत. तिची वाफ बाजूच्या इटांना खाते. वरनं बगशील तर सगल्या सारक्या. भट्टी काडली की कलतं, या कोपऱ्यातला माल गेला."

"आनि वरनं कोरडी दिसत असंल तर?"

"वरनं सगल्याच कोरड्या दिसतात, पोरी. हातात घेऊन तोलायची. पानी जड असतं."

आतून तिची आई ठकी म्हणाली, "तुजा बा डोल्यानं नाय, हातानं बगायचा. मुकादम त्यालाच बोलवायचा."

सकाळी दिपा नेहमीपेक्षा लवकर पोचली. तिने ट्रेमधली एक नवी वीट काट्यावर ठेवून वजन लिहिलं. मग छोट्या ओव्हनमध्ये दोनशे अंशांवर तीन तास ठेवली आणि पुन्हा तोलली. वीट अडतीस ग्रॅमने हलकी झाली होती. तिने वही घेतली आणि रुचिरा मॅडमच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिली.

"मॅडम, या विटांनी पाणी धरलंय. दर वेळी दार उघडलं की पावसाळी हवेतली ओल त्या पुन्हा ओढून घेतात. तापल्या की त्या वाफ सोडतात. तुम्हीच शिकवलं होतं, सिरॅमिकला चांदी धरत नाही, टायटॅनियम धरतं. आणि टायटॅनियमला थोडी जरी हवा किंवा ओल मिळाली तरी ते तिथेच खपून जातं. मग कडीत चांदी आणि तांबंच राहतं. त्याचा गोळा होणारच."

"पण गेज तर चांगलं व्हॅक्यूम दाखवतोय."

"गेज पंपाच्या तोंडाशी आहे. नळ्या विटांवर आहेत."

रुचिरा मॅडमनी आकडे दोनदा वाचले. "हे वजन करायचं तुला कसं सुचलं?"

काहीतरी सांगून वेळ निभावता आली असती. पण काल ओट्यावर बसलेला बाप तिच्या डोळ्यांसमोर होता. त्याचं म्हणणं त्याचं नाव न घेता वापरणं तिला जड गेलं.

"माझ्या वडिलांनी सांगितलं. ते वीटभट्टीवर काम करायचे. आम्ही सगळेच. मी फॉर्मवर शेती लिहिलं होतं, ते खोटं आहे."

मॅडमनी फॉर्मचा विषय काढलाच नाही. म्हणाल्या, "वडिलांचं म्हणणं पटतंय. पण सरांना नुसतं पटून चालणार नाही, दाखवावं लागेल. कसं दाखवशील?"

दिपाने तेही ठरवून आणलं होतं. "विटा उजवीकडे ठेवू आणि फरशी डावीकडे. सिरॅमिकच्या चार टिकल्या घेऊ, प्रत्येकीवर कडीचा तुकडा. दोन विटांवर, दोन फरशीवर. दोष फर्नेसच्या डाव्या बाजूचा असेल तर गोळे डावीकडे होतील. विटांचा असेल तर विटांबरोबर उजवीकडे जातील."

"लाव," मॅडम म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी दार उघडताना विनायक सरही येऊन उभे राहिले. उजवीकडे, विटांवरच्या दोन टिकल्यांवर मण्यांसारखे दोन गोळे बसले होते, टिचकी मारताच उडतील असे. डावीकडच्या टिकल्यांवर धातू कडेपर्यंत पसरला होता, इतका सपाट की तो कुठे संपतो आणि सिरॅमिक कुठे सुरू होतं हे भिंग लावून पाहावं लागलं.

विनायक सरांनी विटा उचलल्या, स्वतःच्या हाताने दाराबाहेर नेऊन ठेवल्या आणि परत येऊन म्हणाले, "मीच आणल्या होत्या. सोमवारचा फोन मी करत नाही. पुढचं सांग, दिपा, काय काय लागेल तुला?"

नवी फरशी यायला पंधरा दिवस लागले असते. दिपाने फुटक्या फरशीचे तुकडे शोधून आणले आणि हिऱ्याच्या चाकावर दोन दिवस घासून सहा सारख्या उंचीच्या बैठका केल्या. फर्नेस एकदा रिकामीच तापवून घेतली. मग नळ्या, कड्या, टोप्या धुऊन, सुकवून, चिमट्याने एकावर एक बसवल्या. या वेळी रुचिरा मॅडम मदतनीस होत्या, चिमटा दिपाच्या हातात होता.

फर्नेस सावकाश थंड करावी लागते, नाहीतर धातू आकसतो आणि सिरॅमिकला तडा जातो. दार उघडेपर्यंत कोणाचं दुसऱ्या कामात लक्ष नव्हतं. उघडलं तेव्हा सहाही नळ्यांच्या गळ्याशी चांदीची अखंड, उजळ रेघ होती.

खरी परीक्षा त्यानंतरची. नळीतली हवा काढून घ्यायची आणि बाहेरून सांध्यावर हेलियमचा बारीक फवारा मारायचा. कणभर फट असली तरी हेलियम आत शिरतो आणि मशीनवरचा आकडा चढतो. पहिल्या चार नळ्यांना आकडा हललाच नाही. पाचवीला चढला. दिपाने फवारा सांध्यापासून दूर, नळीच्या बुडाशी नेला तर आकडा आणखी चढला. ती म्हणाली, "सांधा नाही गळत. मशीनची खालची रबरी रिंग गळतेय." रिंग काढली तर तिच्यावर केसाएवढा धागा होता. पुसून लावल्यावर आकडा जागचा हलला नाही. सहावीलाही नाही.

"सहापैकी सहा," रुचिरा मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी दिपाला चक्क मिठी मारली.

नळ्या न्यायला डॉक्टर दमयंती स्वतः आल्या. साठीच्या, करड्या केसांच्या, फार कमी बोलणाऱ्या. प्रत्येक सांधा त्यांनी भिंगाखाली फिरवून पाहिला. मग विचारलं, "हे कोणी केलं?"

विनायक सरांनी दिपाला पुढे बोलावलं. तिने विटांपासून सगळं सांगितलं, वजनाच्या आकड्यांसकट. दमयंतीबाईंनी मध्ये एकदाही तोडलं नाही.

"कुठे शिकलात हे?"

अख्खं वर्कशॉप ऐकत होतं. "आयटीआयला, इथे मॅडमकडे, आणि त्याआधी वीटभट्टीवर. माझे वडील शुक्रा मुकणे, त्यांनी शिकवलं."

दमयंतीबाईंनी आपल्या कागदांमध्ये ते नाव लिहून घेतलं. "आमच्या अहवालात जोडणीचं श्रेय तुमच्या नावावर जाईल," त्या म्हणाल्या. "आणि पुढच्या चोवीस नळ्याही तुम्हीच करा. आणखी चार यंत्रं व्हायची आहेत."

दसऱ्याला वर्कशॉपमध्ये यंत्रांची पूजा असते, सगळे घरच्यांना घेऊन येतात. तीन वर्षांत दिपाने कोणालाच आणलं नव्हतं. या वर्षी ती शुक्रा आणि ठकीला घेऊन आली. शुक्राने धुतलेला सदरा घातला होता. फर्नेसला झेंडूचा हार होता, तिच्याभोवती तो हात मागे बांधून दोनदा फिरला.

"धूर कुठनं जातो?"

"धूर नाय होत, बा. आत हवाच नाय."

"हवा नाय आनि भट्टी पेटते?" तो हसला. दिपाने एक नळी त्याच्या हातात दिली. त्याने ती आधी तोलली, मग सांध्यावरून अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला. "सांदा लागत नाय गं हाताला."

"त्येच तर काम हाय."

विनायक सर आले, शुक्राला नमस्कार करून म्हणाले, "काका, तुमच्यामुळे आमची अब्रू राहिली." शुक्राने दोन्ही हात जोडले. ठकीनेच उत्तर दिलं, "पोरगी आमची हायच तशी."

परतताना तिघं कोनकडे जाणाऱ्या रिक्षात बसली. रिक्षावाल्याने आरशातून सदऱ्याकडे पाहत विचारलं, "काय काका, कुठं लग्नाला?"

"नाय," शुक्रा म्हणाला. "पोरीची भट्टी बगायला गेलतो."

"वीटभट्टी? कुठल्या गावाला हो?"

"गावाला नाय, हितंच पनवेलला. हितं चांदी पानी होऊन दगडाला चिकटते. माजी पोरगी चिकटवते."

रिक्षावाला मागे वळून पाहायला लागला. ते दगड नाही, सिरॅमिक, असं दिपाच्या तोंडावर आलं होतं. पण बाप पुढचं सांगायला लागला होता, तेव्हा ती नुसती ऐकत बसली.