आरती, चहा ठेव

"डिस्क बरी हाय, वहिनी. जळलाय तो बोर्ड," रविकांत म्हणाला आणि आरतीचा जीव भांड्यात पडला.

दुकानातला कॉम्प्युटर बंद पडला म्हणून तो सकाळीच नांदेडहून भोकरला आला होता, सोबत एक वापरलेला पण धड चालणारा कॉम्प्युटर घेऊन. वैजनाथचा हा कॉलेजातला मित्र. वैजनाथ गेल्या वर्षी काविळीनं गेला, तेव्हापासून त्याचं टायपिंगचं दुकान आरतीच चालवत होती. आसपासच्या दुकानांत सगळीकडं विंडोज. वैजनाथनं मात्र हट्टानं लिनक्स घातलं होतं. वर त्यात स्वतःच्या हातानं इतकी ढवळाढवळ करून ठेवली होती की दुसरं कुणी त्या मशीनला हात लावायला धजत नसे.

त्यातली एक गोष्ट फक्त आरतीला माहीत होती. मशीन चालू केलं की आधी काळ्या पडद्यावर एक यादी यायची, कुठली सिस्टीम उघडायची ते विचारणारी. तिथं सिस्टीमचं नाव असतं. वैजनाथनं ते खोडून इंग्रजी अक्षरांत लिहिलं होतं, 'आरती, चहा ठेव'. ती ओळ थोडा वेळ थांबायची, मग मशीन पुढं जायचं. तेवढ्यात आरती मागं घरात जाऊन आधण ठेवायची.

यात काय एवढं, असं कुणीही म्हणेल. पण त्या घरात नवऱ्यानं बायकोचं नाव घ्यायची रीत नव्हती. सासूबाई, म्हणजे केवळाबाई, समोर असल्या की वैजनाथ तिला नुसतं 'ऐकलं का' म्हणायचा, आणि केवळाबाई कायमच समोर असायच्या. सगळ्या संसारात त्यानं तिला नावानं हाक मारली ती त्या पडद्यावर. तो गेल्यावरही रोज सकाळी ती हाक यायची, आणि तिच्यासाठी आरती शटर उचलायची घाई करायची.

रविकांतनं जुनी डिस्क नव्या मशीनला जोडली. पडद्यावर चार-दोन इंग्रजी शब्द उमटले आणि सगळं अडून बसलं. मशीन बदललं की सिस्टीम कुठून सुरू करायची हेच त्याला उमगत नाही, रविकांतनं समजावलं. पेन ड्राइव्हवरून आत शिरायचं आणि सुरुवातीचा तेवढा भाग नव्यानं बसवायचा. फायली, फोटो, फॉन्ट यातलं काही हलणार नव्हतं.

त्या ओळीचं सांगायचं आरतीच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण केवळाबाई दारातच तांदूळ पाखडत बसलेल्या. त्यांच्यादेखत परक्या माणसाला कसं सांगायचं, की माझा नवरा मला नाव घेऊन चहा सांगायचा? ती एवढंच म्हणाली, "जसं व्हतं तसंच पायजे, भाऊजी."

"हाव की. तसंच राहतंय."

त्यानं काम चोख केलं. सुरुवातीचा भाग बसवला, यादी नव्यानं तयार करून घेतली, मशीन बंद करून पुन्हा चालू केलं. पडदा क्षणभर काळा झाला आणि यादी न दाखवताच वैजनाथनं लावलेला गोदावरीच्या घाटाचा फोटो आला. रविकांत खूश होऊन मागं वळला, तर आरतीचा चेहरा उतरलेला.

"याच्या आदी एक ओळ यायची," ती म्हणाली.

रविकांतच्या ध्यानात आलं. वैजनाथनं थेट त्या यादीच्या फाइलीतच लिहून ठेवलं असणार. हातानं काही लिहू नका, यादी नव्यानं बनली की पुसलं जाईल, असं त्या फाइलीच्या डोक्यावरच लिहिलेलं असतं. पण तो कुणाचं ऐकतोय. आणि आपण ती एकदा उघडून बघितलीसुद्धा नाही, याचं रविकांतला फार वाईट वाटलं.

"काय लिवलं व्हतं, सांगा. आत्ता टाकून देतो."

दारातला सुपाचा आवाज थांबला होता. आरतीला वाटलं, माणूस आज खरा गेला. तिनं पदरानं पडद्यावरची धूळ पुसली. पडदा स्वच्छच होता.

"नको," ती म्हणाली. "तुम्ही लिवलं तर ते तुमचं हुईल."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं शटर उचललं, बटण दाबलं आणि सवयीनं मागं गेली. गॅस पेटवायच्या आत मशीन उघडून बसलं होतं. एक गिऱ्हाईक कागद घेऊन आलं आणि आवाज देऊ लागलं. आरतीनं त्याला जरा थांबायला सांगितलं, आणि आधण पुरतं उकळू दिलं.