लेकीच्या ऑफिसात रखडलेली फाइल

माझी मोटारसायकल चोरीला गेली तेव्हा बायको रडवेली झाली, पण मी गल्लीभर सांगत सुटलो, "काळजीचं कारण नाही. गाडीचा विमा आहे, आणि विम्याच्या ऑफिसात आपली लेक आहे. आठवड्यात नवी गाडी दारात!"

मी नळदुरुस्तीची कामं करतो. गाडी गेल्यावर पाने, पाइप, सगळं खांद्यावर आलं. आठवडा गेला, महिने गेले. गाडी सापडत नाही असं पोलिसांनी लिहून दिलं, दोन्ही चाव्या मी जमा केल्या, तरी फाइल ढिम्म. लांबची कामं हातची गेली. वर गल्लीतले विचारायचे, "काय हो, नवी गाडी पायी येतेय वाटतं?"

शेवटी लेक घरी आली तेव्हा मी तिला धारेवर धरलं.

"बाबा, अर्जदार माझे वडील आहेत असं मीच वर कळवलं. तसा नियम आहे. आता फाइल दुसऱ्या साहेबांकडे गेलीय, ते सगळं पुन्हा तपासणार."

"अगं, लग्नानंतर तुझं आडनाव बदललंय. कुणाला कळलं असतं?"

"मला कळलं असतं ना," असं म्हणून ती आईबरोबर भांडी घासायला लागली. माझं डोकंच फिरलं. मी अबोला धरला.

मग स्वतःच ऑफिसात जाऊन धडकलो. लेक खिडकीमागे होती. "बसा, नंबर आला की बोलावते," एवढंच म्हणाली. बाबा नाही की काही नाही! मी धुमसत बाकावर बसलो. शेजारी बसलेल्या एका टॅक्सीवाल्याची टॅक्सी चोरीला गेली होती. तोही हेलपाटे घालून मेटाकुटीला आलेला. कागद पिशवीत कोंबून तो उठलाच.

"चाललो मी. आत ओळख असल्याशिवाय इथे काही होत नाही."

"माझी आहे की ओळख. ती समोर बसलीय ना, ती माझी मुलगी."

"मग काय! तुमचं केव्हाच झालं असेल."

"नाही हो! अजून रखडलंय!" मी म्हणालो, आणि म्हणता म्हणता माझी छाती फुगली. "माझी पोर आहे ती. बापाची फाइलसुद्धा पुढे सरकवत नाही!"

आवाज जरा मोठाच निघाला. सगळं ऑफिस वळून बघायला लागलं. लेकीनं मान खाली घातली, पण तिचे कान लाल झालेले मला दिसले.

टॅक्सीवाला थोडा वेळ तिच्याकडे बघत उभा राहिला. मग म्हणाला, "सरका जरा. मी पण थांबतो."