कानाचा रकाना

हितेंद्रने बटण दाबलं. टेबलावरच्या पॅनेलमधून बारीक, सलग शिट्टी वाजू लागली. पॅनेलचा पडदा कापडाने झाकलेला होता. कामगार मशीनपासून दूर असला तरी त्याने आवाजावरून धावत यायला हवं, असा चाचणीचा हा भाग. सुकदेवनाना हात मांडीवर ठेवून शांत बसून राहिले. हितेंद्रच्या घड्याळात चाळीस सेकंद झाले.

"नाना, झोप लागली का? केव्हाचं बोंबलतंय ते!"

त्याचा हात हललेला पाहून नाना दचकून उठले आणि हसले. "नही हो साहेब. इचार करी राहिंतू."

हितेंद्रने कागदावर दुसऱ्यांदा 'अनुत्तीर्ण' लिहिलं. मशीनवर हे नवं पॅनेल बसवणाऱ्या कंपनीकडून तो शिकवायला आला होता. तीनदा नापास होणाऱ्याला मशीनवरून काढून बंडल बांधायला पाठवायचं, असं ठरलं होतं. तिसरी चाचणी शनिवारी होती.

कोपऱ्यात उभ्या नूतनला वाईट वाटलं आणि थोडा रागही आला. कारखान्यातल्या प्रशिक्षणाचं काम तिच्याकडे होतं, आणि नानांवर तिने सगळ्यांपेक्षा जास्त मेहनत घेतली होती.

जळगावच्या या कारखान्यात ठिबक सिंचनाच्या नळ्या तयार होत. नाना पारोळ्याकडचे, वय एकावन्न. प्लॅस्टिकचा दाणा वितळवून नळी ओढणाऱ्या मशीनवर त्यांनी सत्तावीस वर्षं काढली होती. सुरुवातीला तेव्हाच्या वना मिस्तरींनी त्यांना डोळे मिटायला लावून मशीनपाशी उभं केलं होतं, पुरते दोन महिने. आतला स्क्रू कोरडा फिरायला लागला, बेअरिंग झिजलं, की आवाज कसा बदलतो ते आधी ऐक, मग हात लाव. तेव्हापासून कुठल्याही मशीनचं बिनसलं की हॉलमध्ये एकच हाक जाई : "कानले बलावा!" कान म्हणजे सुकदेवनाना.

पॅनेलचं प्रशिक्षण सुरू होण्यापूर्वी नूतनने सगळ्यांकडून एक फॉर्म भरून घेतला होता. तुम्ही कसं शिकता? बघून, ऐकून की हाताने करून? वीस प्रश्न, तीन रकाने. नानांच्या सगळ्या खुणा कानाच्या रकान्यात होत्या. म्हणून तिने स्वतःच्या आवाजात चौदा धडे बोलून त्यांच्या फोनवर घातले. ते रोज जेवणाच्या सुट्टीत इअरफोन लावून बसत.

"काय नाना, कोनतं गानं ऐकी राह्यनात?" डबा घेऊन जाताना शेजारच्या मशीनवरचा झुलाल ओरडून चिडवी. "काकूनं भरी दिधं का?"

त्याच्या तोंडाकडे बघून नाना म्हणत, "गानं नही रे, बठ्ठा अभ्यास शे."

गुरुवारी नूतन त्यांना शोधत कडुनिंबाखाली गेली. वीस पावलांवरून तिला स्वतःचाच आवाज ऐकू आला. 'धडा नववा. तापमान वाढल्यास...' फोन बाकावर पडला होता. इअरफोनची पिन निसटून नानांच्या गुडघ्यापाशी लोंबत होती आणि धडा मोठ्याने वाजत होता. नाना डोळे मिटून, कानात बोंडं घालून, मान डोलावत होते.

ती बाकावर बसली, तेव्हा बाक हलला म्हणून त्यांनी डोळे उघडले. तिने पिन उचलून दाखवली. नानांनी कानातली बोंडं काढली.

"दोन वरीस व्हई गयात, ताई," ते म्हणाले. "बारीक आवाज बठ्ठाच गया. जाड येस, तो बी पायमातून येस तसा."

"मग फॉर्मवर कान का लिहिलात?"

ती हे नेहमीच्या आवाजात बोलली. ते तिच्या ओठांकडे बघत होते.

"तुम्ही इचारेल व्हतं, कसं शिकतस. मी कानघाईच, ऐकी ऐकीसन शिकेल शे. खोटं कसं लिखू?"

"आणि दरवर्षीची कानांची तपासणी?"

नाना किंचित हसले. "बटन दाबताना त्या बाईना खांदा हाले. खांदा हालना, का मी बोट वर करू."

एमएस्सीला असताना तिने एकाच निरीक्षणावरून निष्कर्ष काढला, तर सर वही परत देत. इथे तिने एका कागदावरून एकेचाळीस माणसं तीन रकान्यांत बसवली होती.

उरलेल्या दीड दिवसात ती त्यांच्यासमोर बसली. बोलली, लिहिलं, त्यांची बोटं पडद्यावर फिरवून घेतली. नानांनी चौदा धडे चार तासांत उचलले. एकदा त्यांनी तिचीच चूक दाखवली.

"मॅडमले नापास करा रे कोनी," ते म्हणाले. दोघंही हसले.

शनिवारी हॉलमध्ये त्यांनी एकही पायरी चुकवली नाही. हितेंद्रने नूतनकडे भुवया उंचावून पाहिलं. मग नियमाप्रमाणे नळीची जाडी मोजायला नाना, नळी थंड होते त्या पाण्याच्या टाकीपाशी गेले. त्यांची पाठ पॅनेलकडे होती. हितेंद्रने बटण दाबलं.

शिट्टी वाजत राहिली. नाना वाकून, मन लावून नळी मोजत होते. नूतनने त्यांच्या पाठीला एक हात लावला असता तरी पुरलं असतं. पण खरोखरच तापमान चढलं आणि तेव्हा हात लावायला कुणी नसलं, तर वितळलेलं प्लॅस्टिक अंगावर उडायला किती वेळ लागतो, हे तिला माहीत होतं. ती जागची हलली नाही.

तिसऱ्यांदा 'अनुत्तीर्ण' लिहून हितेंद्र गेल्यावर अहवाल तिच्यापुढे राहिला. शेवटी 'कारण' असा चौकोन होता. नाना दारात उभे होते.

"नाना, खरं लिहिलं तर कानाचं यंत्र मिळेल. भरपाईसाठी अर्जही करता येईल."

त्यांनी तिला शेवटपर्यंत बोलू दिलं. "ताई, बठ्ठा हॉल माले कान म्हनस. येडा लिखा. शिकता उनं नही, असं लिखा. बहिरा लिखू नका."

"वेडं कसं लिहू, नाना? चार तासांत शिकलात."

"ते तुमले माहीत शे ना? बस."

ते गेल्यावर तिने दोन्ही लिहिलं नाही. 'प्रशिक्षणाची पद्धत चुकीची. जबाबदारी : प्रशिक्षक,' असं लिहून खाली सही केली. लिहिलं होतं ते खरं होतं आणि त्याने काहीच बदलणार नव्हतं.

महिनाभराने ती बांधणीच्या शेडमध्ये गेली. लांब टेबलाशी आठ-दहा जण नळ्यांची बंडलं बांधत होते, चाचणीत नापास झालेला झुलालही त्यांच्यात आला होता. दाराकडे पाठ करून नाना काम करत होते. पट्टी ओढून गाठ मारायची, बंडल सरकवायचं. झुलालने नूतनला पाहिलं आणि "या मॅडम" म्हणाला. बाकीच्यांनी माना वळवल्या. नानांची वळली नाही.

नूतनने तिथून हाक मारली नाही. ती टेबलाच्या टोकापर्यंत चालत गेली, रचलेल्या बंडलांमधून वाट काढत पलीकडच्या बाजूला आली, नानांसमोर उभी राहिली आणि त्यांनी वर बघेपर्यंत थांबली.