सम्राटाची खरी प्रजा

सम्राटाचा ताशा वाजल्यावर जे उठून उभे राहत, त्यांना पुन्हा कधी बसता येत नसे. गुडघा वळायचाच नाही. अर्धा मुलूख असा उभ्यानेच जेवत होता आणि एकमेकांना टेकून झोपत होता. तेवढी सम्राटाची खरी प्रजा. बाकीची नकाशात असली तरी हिशेबाबाहेर.

ताशा वाजवून ही प्रजा मोजायचं काम नागोजीकडे होतं. त्याच्या गळ्यात ताशा आणि मागे मोजणारा शिपाई. गावंच्या गावं उठायची, तेव्हा नागोजीला वाटायचं, काय दरारा आहे आपल्या धन्याचा! मग एका वस्तीत एक म्हातारी उठली.

"सम्राटाला मानता ना, आजी?" नागोजीने विचारलं.

"कोण सम्राट?" ती म्हणाली. "दारात पाहुणा आला, म्हणून उठले बाबा."

म्हणजे आजवर उठले ते सगळे असेच उठले होते. "हिला मोजणीत धरू नकोस," तो शिपायाला म्हणाला.

"उभी आहे ना? मग झालं तर."

नागोजीने ताशा नदीत फेकला. काठावर चढून येतो तर तो गळ्यातच, कोरडा. आता वाजवायला काठीही लागेना. उंबरठा आला की तो आपोआप वाजायचा. वाटाही आखडत गेल्या. कुठूनही निघालं तरी त्या नागोजीच्याच गावाकडे वळू लागल्या, आणि शेवटी त्याच्या घराची तेवढी एकच वाट उरली.

घरी लेक सगुणा बाळंतपणाला आली होती. दिवस भरले होते. नागोजी लांबच थांबला, तर उंबरठाच सरकत त्याच्या पायाशी आला आणि ताशा वाजू लागला. तो जिवाच्या आकांताने ओरडला, "सगुणे, उठू नकोस! तुला माझी शपथ आहे!"

"असं कसं, आबा? एवढ्या लांबून आलात," म्हणत ती भुईला हात टेकून उठली आणि पाण्याचा तांब्या घेऊन पुढे आली. ताशा वाजतच होता.

दुपारी कळा सुरू झाल्या. सुईणीने गुडघ्यांना तेल चोळलं, खांदे दाबून पाहिले. नागोजीने लेकीला मागून धरलं आणि जन्मात पहिल्यांदा सम्राटाला शिवी दिली. काहीच झालं नाही. सुईणीने पोटावर हात ठेवला आणि तो तिथेच राहिला.

"नागोजी, आतलं लेकरूही उभं राहिलंय."

बाहेरून शिपायाने विचारलं, "नागोजीराव, एक धरू का दोन?"